कुलपातले जॉब

आमच्या शाळेत जॉब म्हणजे लोखंड. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोळ या एका शब्दाने घातला.

शाळा सरकारी होती, सोलापूरच्या बाहेर माळावर. तिचं खरं नाव इतकं लांब होतं की पाटीवर ते तीन ओळींत लिहावं लागलं होतं. लोक तिला लोखंडाची शाळा म्हणत. टांगेवाल्याला एवढं सांगितलं की तो बरोबर फाटकाशी आणून सोडी. मी तिथे फिटरच्या वर्गाला शिकवत असे. त्याआधी काही वर्षं एका कापडगिरणीच्या मागखात्यात फिटर होतो. तिथला खडखडाट आणि रात्रपाळी या दोन्हींना विटलो, तेव्हा सरकारी नोकरी धरली. घरचे खूष झाले. मीही झालो, कारण आता जेवताना बायको काय बोलते ते ऐकू येऊ लागलं.

फिटरच्या वर्गाचा पहिला जॉब म्हणजे एक ठोकळा. मुलाला करवतीने ओबडधोबड कापलेला लोखंडाचा तुकडा द्यायचा. त्याने तो शेगड्यात, म्हणजे बाकाला बसवलेल्या लोखंडी पकडीत, आवळायचा आणि कानशीने घासत बसायचं. सहाही बाजू सपाट, सगळे कोपरे काटकोनात. मग तो माझ्याकडे आणायचा. मी त्याला काटकोन तपासायचा गुण्या लावून खिडकीकडे धरायचो. गुण्या आणि लोखंड यांच्या मधून उजेडाची रेघ दिसली की जॉब नापास, पुन्हा घासा. दिसली नाही की पास. पास झाला की त्यावर मुलाचा नंबर ठोकायचा आणि ठोकळा स्टोअरकीपरकडे जमा करायचा. तो त्याला तेलाचं बोट लावून कपाटात ठेवी आणि कुलूप घाली. मुलाच्या तळहाताला घट्टे पडायचे, लोखंड सरकारचं राहायचं.

एकदा मुंबईहून एक मोठे साहेब तपासणीला आले. त्यांना परतीची गाडी गाठायची होती. त्यांनी वर्गातून एक चक्कर मारली, चहा घेतला आणि जाता जाता स्टोअरकीपरला विचारलं, "काय, यंदा किती मुलांचे जॉब झाले?"

"सगळ्यांचे, साहेब," स्टोअरकीपर म्हणाला.

"सगळ्यांचे?" साहेबांच्या भुवया वर गेल्या. "शंभर टक्के?"

"शंभर टक्के. एकसुद्धा बाकी नाही. कुलपात आहेत, दाखवू का?"

कुलपात का, असं साहेबांनी विचारलं नाही. गाडीची वेळ झाली होती. ते प्राचार्यांची पाठ थोपटून गेले. प्राचार्य दोन दिवस हसतमुख होते. मला मात्र त्या दिवशी हसावं की डोकं आपटावं ते कळेना. कारण माझी पास झालेली मुलं महिन्या-दोन महिन्यांनी सायकलवरून परत येत आणि कुंपणाबाहेरूनच विचारत, "सर, कुटं काय हाय का?" मी मान हलवी. ती तशीच माघारी जात. आणि त्याच गावात, पूर्व भागात, गल्लोगल्ली यंत्रमाग चालू होते, टॉवेल आणि चादरींचे गठ्ठे बाहेर पडत होते, आणि माग बिघडला की दुरुस्त करायला माणूस मिळत नाही म्हणून कारखानदार बोंब मारत होते. गाव एक, गरज एक, आणि गाठ कुणाशीच कुणाची नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी आखलेला अभ्यासक्रम होता. त्यात सोलापूर नव्हतं.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर आमच्याकडे खेड्यांतली मुलं वाढली. त्यातच सांगोल्याच्या बाजूचा एक मुलगा आला. मुलगा म्हणायचं ते सवयीने, मिसरूड चांगली फुटलेली होती. घरची मेंढरं. दुष्काळात निम्मा कळप चाऱ्यावाचून गेला, उरलेला मातीमोल विकला, तेव्हा बापाने ठरवलं की धाकट्याने तरी मेंढरांमागं हिंडायचं नाही. तो मॅट्रिक होता. अंगात जाड बंडी, पायात धनगरी वहाणा, इतक्या जाड की चालताना त्याच पुढं आणि तो मागं असं वाटे. बोलणं कमी. पण एकदा शेगड्यापाशी उभा राहिला की हलायचा नाही. बाकीची मुलं दर दहा मिनिटांनी पाणी प्यायला जात. हा कानस मारत राही, मध्येच बोटाने लोखंड चाचपी, पुन्हा कानस मारी.

जानेवारीत गड्ड्याची जत्रा संपल्यावर त्याने ठोकळा माझ्यापुढे ठेवला. मी गुण्या लावला, खिडकीकडे धरला. सगळ्या बाजूंनी फिरवला. उजेड कुठूनच येईना. मी तसा कौतुकाला कद्रू माणूस, पण त्या दिवशी म्हणालो, "वर्गात असा जॉब दुसऱ्या कुणाचा नाही." तो लाजला. मग म्हणाला, "सर, ह्यो एकडाव घरी दावून आणू का? सोमवारी जमा करतो."

नियमात बसत नव्हतं. मी स्टोअरकीपरला सांगून परवानगी दिली. तो ठोकळा रुमालात बांधून सांगोल्याच्या गाडीत बसला.

सोमवारी तो आला, ठोकळा आला नाही. विचारलं तर "इसरला" म्हणाला आणि खाली बघू लागला. त्याच आठवड्यात एका दुपारी शिपाई मला बोलवायला आला. "फाटकापाशी एक धनगर उभा आहे. खांद्यावर कोकरू आहे. तुम्हाला विचारतोय."

मी गेलो. खांद्यावर घोंगडी, डोक्याला लाल पटका, आणि मानेभोवती चारी पाय धरून घेतलेलं पांढरं कोकरू. चेहऱ्यावरून बाप कुणाचा ते विचारायला नको होतं. त्याने कोकरू खाली सोडलं आणि माझ्या पायाला हात लावायला वाकला. मी मागे सरकलो.

"मास्तर, लई उपकार झालं तुमचं. पोराला जॉब लागला."

"लागला?" मी म्हणालो. "कुठे लागला?"

"आता ते तुमाला ठावं. पोरगं चावडीवर म्हणालं, मास्तरांनी जॉब पास केला. मी म्हणलं, जॉब म्हंजी काय? तर आमच्या शाळंचं गुरुजी हुतं तितं, त्येनी सांगितलं, जॉब म्हंजी नोकरी. समद्या गावाला साखर वाटली की वो."

वर्गाच्या दारात मुलगा येऊन उभा राहिला होता. बापाला पाहून त्याचा चेहरा उतरला. मी त्याला जवळ बोलावलं आणि विचारलं, "तू घरी सांगितलं नाहीस?"

"सांगणार हुतो," तो पुटपुटला. "पण आबाच्या तोंडाकडं बघितलं, मग बोलवंना."

पुढचं बाप आपल्या उत्साहात सांगत सुटला. मुलाच्या मामाची मुलगी त्याला लहानपणापासून ठरल्यासारखी होती. पण दुष्काळानंतर मामाने हात आखडला. मेंढरांमागं उन्हातान्हात हिंडणाऱ्याला मुलगी देणार नाही, नोकरी असेल तर देतो, असं तो सरळ म्हणाला होता. आता नोकरी लागली. मामाने होकार दिला. आकितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लग्न.

असल्या वेळी गोड बोलून वेळ मारून नेणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. मला ते जमत नाही. मी त्या माणसाला वर्गात नेलं, एका दुसऱ्या मुलाचा अर्धवट ठोकळा त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, "याला आम्ही जॉब म्हणतो. हा लोखंडाचा तुकडा आहे. नोकरी नाही. तुमच्या मुलाला नोकरी लागलेली नाही."

त्याने ठोकळा हातात तोलला. अंगठ्याने त्याची कड चाचपली, अगदी मुलगा चाचपायचा तशीच. मुलाकडे त्याने पाहिलं नाही. मग ठोकळा जागेवर ठेवून म्हणाला, "आकितीपातुर येळ हाय न्हवं?"

"आहे," मी म्हणालो. "पण..."

"मग ह्ये आपल्या तिघांतच ऱ्हाऊ द्या. तुमी बगा काय जमतंय का."

तो निघाला. मी म्हणालो, "अहो, कोकरू न्या की." तो फाटकातून न वळताच म्हणाला, "आणल्यालं माघारी न्हेत न्हाईत, मास्तर."

मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, आणि राग आला. कुणाचा, ते नीट सांगता येत नाही. मुलाचा थोडा, त्या गुरुजींचा थोडा, पण जास्त त्या कपाटाचा. कोकरू मी वर्कशॉपच्या मागे लिंबाच्या झाडाला बांधलं.

दुसऱ्या दिवशी मी पूर्व भागात एका कारखानदाराकडे गेलो. ते आमच्या शाळेच्या सल्लागार मंडळावर होते. म्हणजे वर्षातून एकदा येऊन बिस्किटं खात. सगळे त्यांना शेठ म्हणत. घरी तेलुगू, दुकानात मराठी, कामगारांवर रागावले की दोन्ही आणि वर थोडी उर्दू. त्यांचा माग दुरुस्त करणारा जॉबर भिवंडीला निघून गेला होता आणि ते हवालदिल झाले होते. मी मुलाबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "पाठवा की उद्याच. अन्‌ काय पाहिजे?"

मी उड्या मारत परत आलो. दुसऱ्या दिवशी मुलाला पाठवलं. संध्याकाळी शेठ स्वतः शाळेत हजर. खिशातून त्यांनी लोखंडाची एक पट्टी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. चकचकीत, कडा धारदार, एक ओरखडा नाही. गुण्या न लावताच मला कळलं की ती पास होणार.

"चांगली आहे ना?" शेठ म्हणाले.

"उत्तम आहे."

"देवळात ठेवा. सकाळी माझा माग बंद पडला. धोटा कडेच्या पेटीत थांबत नव्हता, उलटा यायचा. पोरगा आला, बघितला, बरोबर वळखला, पेटीतली पट्टी झिजली म्हणून. मी खूष. मग त्यानं कानस काढली मास्तर, अन्‌ घासत बसला. जेवायला गेला नाय. चहा घेतला नाय. दिवस बुडाला. कामगार हात बांधून बसला, माग उभा, गिऱ्हाईक दारात." त्यांनी ती पट्टी बोटाने माझ्याकडे ढकलली. "पोरगा वाईट नाय. पन मला तुमचे जॉब नको. मला जॉबर पाहिजे."

ते गेल्यावर मी पट्टी हातात घेऊन बसलो. मुलाची काही चूक नव्हती. पहिल्या दिवसापासून मी त्याला हेच शिकवलं होतं की उजेड दिसता कामा नये, मग कितीही वेळ लागो. गुण्याचं वेड मीच त्याला लावलं होतं, आणि ते त्याच्या अंगात मुरलं होतं. गिरणीत मी स्वतः असं कधी केलं नव्हतं. तिथे माग उभा राहिला की खातेप्रमुख मागे येऊन उभा राही, आणि जे हाताला लागेल त्याने माग चालू करावा लागे. शाळेत आल्यावर ते सगळं मी फाटकाबाहेर ठेवून आलो होतो, कारण ते अभ्यासक्रमात नव्हतं.

मी प्राचार्यांकडे गेलो. म्हणालो, "वर्गात एक माग आणू या. शेठकडे मोडीत काढलेला पडलाय, ते फुकट देतात."

प्राचार्य मनाने वाईट नव्हते, फक्त त्यांना निवृत्तीपर्यंत शांतता हवी होती. ते म्हणाले, "अभ्यासक्रमात माग कुठे आहे? उद्या तपासणीत विचारलं तर मी काय सांगू?"

अभ्यासक्रमाचं पुस्तक मला पाठ होतं. म्हणालो, "यंत्रांची दुरुस्ती व देखभाल असा धडा आहे. कोणत्या यंत्रांची ते लिहिलेलं नाही. आपण आजवर पाण्याचा पंप खोलून दाखवत आलो. पंपाने काय पुण्य केलंय?"

त्यांनी पुस्तक मागवलं, धडा वाचला, पुन्हा वाचला. मग म्हणाले, "आवाज झाला तर मी काही ऐकून घेणार नाही."

आवाज झालाच. माग हातगाडीवरून आला, त्याला एक जुनी मोटर जोडली आणि पहिल्यांदा चालू केला तेव्हा शेजारच्या वर्गातले शिक्षक खडू हातात घेऊन बाहेर आले. मुलं मात्र खुळ्यागत खूष झाली. त्यांनी इतके महिने लोखंड घासलं होतं, पण त्या लोखंडाने काही करताना कधी पाहिलं नव्हतं. मी वर्गाची पद्धतच बदलली. दुपारच्या सुटीत मुलं जेवायला गेली की मागात मी काहीतरी बिघडवून ठेवायचो. कधी एखादा बोल्ट ढिला, कधी पट्टा सैल, कधी पेटीत खोट. आल्यावर त्यांनी शोधायचं आणि चालू करायचा. भिंतीवर मी खडूने लिहिलं होतं, आधी चालू, मग चांगलं. प्राचार्यांनी विचारलं, हे कुठलं वचन? मी म्हटलं, गिरणीतलं.

बाकीची मुलं पटकन शिकली. त्यांना मुळात गुण्याचा कंटाळाच होता. अडला तो आमचा धनगर. बिघाड तो सगळ्यांच्या आधी ओळखायचा, पण तात्पुरतं काही करणं त्याच्या जिवावर यायचं. मी ओरडायचो, "अरे, काहीतरी अडकव आणि फिरव माग!" तो म्हणायचा, "सर, ते खोटं हुईल की." मी कपाळाला हात लावायचो. एकीकडे आकिती जवळ येत होती. दुसरीकडे लिंबाखालचं कोकरू वाढत होतं. त्याने प्राचार्यांच्या खोलीबाहेरची शेवंती संपवली, मग कुंपणाची मेंदी खाल्ली, आणि स्टोअरकीपर मला रोज दोन गोष्टी विचारू लागला, हे जनावर कधी जाणार आणि तो ठोकळा कधी येणार. ठोकळ्याचं मी मुलाला विचारलं की तो म्हणे, "आई देईना झालीया." याहून जास्त सांगत नसे.

उन्हाळा पेटला. मी पुन्हा शेठकडे गेलो आणि गयावया केली म्हटलं तरी चालेल. ते म्हणाले, "बरं, ह्या आठवड्यात येऊ द्या. पन कानस घरी ठेवून."

तो दिवस मला स्वच्छ आठवतो. मुलावर माझा भरवसा नव्हता, म्हणून मीही गेलो होतो. कारखान्यात बोलणं ऐकू येत नाही. कामगार हातवाऱ्यांनी बोलतात, ओठांकडे बघतात. सकाळभर मुलगा मागांमधून हिंडत होता. तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. पांढरं धोतर, हातात छत्री. त्याचं नाक अगदी मुलाच्या आईकडचं असावं, कारण मुलाचंही तेच होतं. मुलाने त्याला पाहिलं आणि तो जागीच थांबला. तो मामा होता. लग्नाआधी नोकरी डोळ्यांनी बघायला आला होता. घरी कुणाला न सांगता आधी शाळेत गेला होता, तिथल्या शिपायाने त्याला इकडे धाडलं होतं.

आणि नेमका तेव्हाच एक माग धाडकन बंद पडला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते उगाच नाही. शेठ धावत आले. तीच खोड होती, आडवं सूत घेऊन धावणारा धोटा पेटीत थांबत नव्हता, उलटा फिरत होता. पट्टी झिजलेली. शेठनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत ती चकचकीत पट्टी होती.

मुलगा मागापुढे बसला. त्याने पेटीत बोट घातलं, झिजलेली जागा चाचपली. त्याचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि मी डोळे मिटले. कानस घरी होती, पण ती मागायला तो माझ्याकडे येईल असं मला वाटलं. तो आला नाही. इकडे तिकडे त्याने एकदा पाहिलं. मग खाली बघितलं. पायातली उजवी वहाण काढली, उलटी केली, छिन्नी लावली आणि एका घावात टाचेकडचं चामडं उडवलं. ते आणखी तासून पेटीत पट्टीमागे बसवलं, दाबून पाहिलं, आणि कामगाराला हाताने खूण केली. माग चालू झाला. धोटा इकडून गेला, तिकडे थांबला. तिकडून आला, इकडे थांबला. कापड पुढे सरकू लागलं.

शेठ नुसते पुढच्या मागाकडे गेले. माग चालू झाल्यावर मालक निघून गेला, याचा अर्थ गिरणीत काम केलेल्या माणसाला कळतो. मला फार आनंद झाला.

मामा छत्री टेकत आत आला. त्याने भाच्याच्या पायांकडे पाहिलं, एका पायात वहाण, दुसरा मोकळा. काहीतरी विचारलं. त्या खडखडाटात ते ऐकू येणं शक्य नव्हतं. मुलाने बोटाने मागाकडे दाखवलं. मामाला कळलं की नाही कोण जाणे. बाहेर आल्यावर त्याने शेठना गाठलं.

"ह्यो हितं काय करतो?"

"जॉबर हाय," शेठ म्हणाले.

"पक्का हाय का?"

शेठनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "आजपासून पक्का."

मामाने छत्री बगलेत मारली. मला म्हणाला, "सोताची वहाण कापून दुसऱ्याचं काम करतोय. ह्येला कोण काढतंय?" आणि एसटी स्टँडचा रस्ता विचारून चालू लागला.

पुढची एक गोष्ट शेठनी मला नंतर सांगितली. त्या आठवड्याच्या सुटीच्या दिवशी, कारखाना बंद असताना, मुलगा त्यांच्या घरी गेला आणि किल्ली मागितली. का, तर मागात चामडं घातलंय ते त्याला झोपू देत नव्हतं. शेठनी किल्ली दिली. दिवसभर बसून त्याने नवी पट्टी घासली, गुण्यात आणली, बसवली आणि चामडं काढून खिशात घातलं. शेठ म्हणाले, "मास्तर, मी तुम्हाला बोललो ते अर्धं चूक होतं. वहाणेवर माग किती दिवस चालणार? दोन्ही पाहिजे." मी मनात म्हटलं, हे वाक्य अभ्यासक्रमाच्या पुस्तकात घालायला कुणाला सांगू?

आकितीला मी लग्नाला गेलो. कोकरू बरोबर नेलं. आता त्याला कोकरू म्हणणंही धाडसाचं होतं. एसटीच्या कंडक्टरशी हुज्जत घालून ते टपावर चढवलं आणि अख्खा रस्ता माझा जीव वर टांगलेला. मांडवात मी ते बापाच्या हातात दिलं. तो म्हणाला, "मास्तर, आणल्यालं माघारी..."

"माघारी कोण आणतंय? हा आहेर आहे," मी म्हणालो. "आहेराला नाही म्हणत नाहीत."

तो तोंडावर पटक्याचं टोक घेऊन हसला. नवरदेवाच्या पायांत मामाने दिलेल्या कोऱ्या वहाणा होत्या. त्या करकर वाजत होत्या आणि तो लाजून जपून चालत होता. गावचे गुरुजीही भेटले. मला म्हणाले, "मीच प्रथम सांगितलं होतं, जॉब लागला म्हणून." बापाने माझ्याकडे पाहिलं आणि पाहुण्यांना पाणी द्यायला वळला. आमच्या तिघांतली गोष्ट तिघांतच राहिली होती.

पण माझं एक काम बाकी होतं. स्टोअरकीपरने बजावून पाठवलं होतं की ठोकळा घेतल्याशिवाय येऊ नका, सरकारी माल आहे, तपासणी तोंडावर आली आहे. जेवणं झाल्यावर मी बापाला हळूच विचारलं. तो मला घरात घेऊन गेला. कोपऱ्यात देव्हारा होता. देवांच्या टाकांच्या ओळीत, भंडाऱ्यात माखलेला, आमचा ठोकळा बसला होता. त्याला हळद होती, कुंकू होतं, आणि गंजू नये म्हणून रोज तेलाचं बोट लावलेलं कळत होतं. मुलाची आई दाराशी पदर तोंडाला लावून उभी होती. तिला कुणीतरी सांगितलं असणार की हा मास्तर तो न्यायला आलाय.

मी ठोकळा उचलला. सवयीने दाराकडे, उजेडात धरला. खिशात गुण्या नव्हता, पण कड डोळ्यांसमोर धरली तरी पुरे.

"पास हाय न्हवं?" बापाने विचारलं.

"पास आहे," मी म्हणालो, आणि तो होता तिथे ठेवला.

तपासणीला तेच साहेब आले. यंदा त्यांना गाडीची घाई नव्हती. माग पाहून त्यांनी प्राचार्यांना विचारलं, हा इथे कसा? प्राचार्यांनी माझ्याकडे बोट दाखवण्याऐवजी, मला आश्चर्य वाटलं, पुस्तकातला धडा काढून वाचून दाखवला. साहेबांनी माग चालू करून घेतला, थोडा वेळ कानांवर हात ठेवून पाहत राहिले. मग म्हणाले, ते कुलपातले जॉब दाखवा, मागच्या वेळी राहिले होते. स्टोअरकीपरने कपाट उघडलं. साहेबांनी नंबर पाहत पाहत सगळी ओळ तपासली आणि एका रिकाम्या जागेपाशी थांबले.

"एक जॉब कमी आहे," ते म्हणाले.

स्टोअरकीपरने माझ्याकडे पाहिलं.

"हो साहेब," मी म्हणालो. "एक लागला."